पत्र लिहिणाऱ्याचंही नाव आहे
या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की कृपादानं, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सेवेसाठी देवाने माणसांना दिलेली देणगी, म्हणजे शेवटी उपदेश, भविष्यवाद (देवाचा संदेश सांगणं) आणि आरोग्यदान (आजार बरे करणं). बाकीच्यांनी प्रार्थना करावी, दानार्पण द्यावं. पटलं नाही. बायबलमधल्या १ करिंथ १२:२८ मधल्या यादीत अद्भुत कृत्यं आणि आरोग्यदानांच्या रांगेतच मदत करणं आणि व्यवस्था पाहणंही आहे. आणि इथं अजून कुणी प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय काढलेला नाही. नावांची यादी म्हणून आपण तो भरभर वाचतो. त्यात पौलाने सांगितलेलं कागदावर उतरवणारा तर्तियुस स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. घर उघडं ठेवणारा गायस आहे, नगराचा खजिनदार एरास्त आहे, आणि अगदी सुरुवातीला किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी. उपदेशकाचं पत्र, पण त्यामागे केवढी माणसं!

आमच्या नवापूरकडच्या खेड्यांत हे रोजचंच आहे. एका पाळकाकडे (चर्चच्या धर्मगुरूकडे) बरीच गावं, त्यामुळे दर रविवारी तो येईलच असं नाही. आला तरी उपदेश मराठीत, आणि म्हाताऱ्या बाया मावची या इथल्या आदिवासी बोलीवाल्या. मग उपासना संपल्यावर एक मावशी बाहेर चिंचेखाली बसून सगळं मावचीत पुन्हा सांगते. शाळा फार शिकलेली नाही. (पाळकापेक्षा थोडक्यात सांगते, हेही खरं.) मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या कागदावर तिचं नाव कुठेच नाही. ऊसतोडीला ती गुजरातेत गेली की त्या बाया निम्म्या उपदेशातच उठून जातात.