वि. : इम्बोल्कचा मेळावा – रश किती लागतील, शेकोटी करायची का

कार्यक्रम समिती, डब्लिन

नमस्कार मंडळी,
आयर्लंडची संत ब्रिजिड हिच्या सुट्टीला, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, इम्बोल्कचा, म्हणजे इथल्या वसंतारंभाच्या सणाचा, मेळावा नक्की झाला. वेळ दुपारी अडीच ते साडेचार. पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी सामान गाडीत गेलेलं बरं. साधारण ४० जण येतील, त्यात निम्मी मुलं. ब्रिजिडचे क्रॉस विणायला रश (ओल्या कुरणातलं गवतासारखं रोप) किती आणायचे? शेकोटी हवी का? खायला काय? रश मिळाले नाहीत तर पाइप क्लीनर आणू, असंही एकांनी सुचवलं आहे. जाणकारांनी कळवावं.

किल्डेअरहून

नमस्कार. पाइप क्लीनर कृपया नकोत. आयर्लंडच्या जुन्या रीतीत १ फेब्रुवारीला हिवाळा संपून वसंत लागतो. झाडं अजून उघडी असतात, पण ओल्या कुरणात रश मात्र हिरवेगार उभे असतात. ती गार, ओली काडी मुलांच्या हातात पडली पाहिजे. त्यासाठीच तर हा खटाटोप.

रश दिसायला आपल्या लव्हाळ्यासारखे. पण लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, रशची गोल लागते. आपल्याला हवा तो मऊ रश: चकचकीत हिरवा, गुळगुळीत, आत पांढरा स्पंजासारखा गाभा सलग भरलेला. हाच गाभा चरबीत बुडवून पूर्वी घरोघरी दिवे लावत. कधी शेजारीच निळसर करडा, उभ्या रेघांचा कडक रशही असतो. त्याचा गाभा तुटक, त्यामुळे दुमडताना काडी मोडते. नखाने एक काडी सोलून बघा, लगेच कळेल.

हिशोब असा: एका क्रॉसला २९ काड्या, मधली एक आणि चारही बाजूंना सात-सात. दोघांत एक क्रॉस धरला तर २० क्रॉस, म्हणजे ५८० काड्या. मोडतोड धरून ७०० आणा आणि ३५-३५ च्या जुड्या बांधून ठेवा. लांबी ३५ ते ४० सेंटिमीटर हवी. आखूड काडी दुमडल्यावर बांधायला टोकच उरत नाही. इथली रीत रश कापायची नाही, उपटायची. बुडाशी धरून सरळ वर ओढला की पांढरं बूड सुळकन सुटतं. शेतकऱ्याला आधी विचारा. बहुतेकांना कुरणात रश नकोच असतात. आदल्या दिवशी आणून ओल्या गोणपाटात गुंडाळून घराबाहेर ठेवा. बंद प्लास्टिकमध्ये राहिले तर बुळबुळीत होतात.

कॉर्कहून

काका, मुलांचे क्रॉस मधोमध सैल पडतात, उचलले की काड्या सुटतात. चुकतं कुठे?

किल्डेअरहून

ताई, बहुतेक वेळा वळवण्याची दिशा चुकते. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून उभीच्या कमरेला मागून अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे. डाव्या अंगठ्याने मध्य दाबून सगळंच घड्याळाच्या उलट पाव फेरा वळवा. मघाची टोकं आता वर आली. तिसरी काडी दुमडून त्या टोकांवर चढवा, पुन्हा उजवीकडे, अगदी मध्यापर्यंत सरकवून. काडी नेहमी उजवीकडे घालायची, फेरा नेहमी डावीकडे. मूल एकदा जरी उलट वळलं तरी मध्य उघडतो. नंतर ओढून तो घट्ट होत नाही. तेवढ्या काड्या काढून परत घालायच्या, दुसरा इलाज नाही.

दुमडायच्या जागी काडी आधी चिमटीत चपटी करून घ्या. गाभा दबला की घडी नीट बसते. शेवटी चारही टोकं बांधा. रश वाळताना आकसतो, म्हणून आज घट्ट बांधलेली सुतळी आठवड्यात ढिली पडते. पहिला आठवडा रबरबँड, मग सुतळी. हीटरवर वाळवू नका, काड्या ठिसूळ होतात.

गॉलवेहून

मोठी शेकोटी ही १ मेच्या बेल्टेन सणाची. ब्रिजिडचा अग्नी जपून ठेवायचा. किल्डेअरच्या नन्सनी अखंड राखलेल्या अग्नीचं वर्णन बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने केलं आहे. १९९३ मध्ये ब्रिजिडाइन सिस्टर्स या संघाच्या नन्सनी तो गावच्या चौकात पुन्हा पेटवला. म्हणून आपण बरणीतल्या मेणबत्त्याच लावू. बरणी रुंद तोंडाची, तळाशी दोन बोटं वाळू. अरुंद बरणीत हवा कमी पडून ज्योत विझते.

मेणबत्त्या घेऊन फेरी काढायची ती उजवी घालून, घड्याळाच्या दिशेने. आयरिशमध्ये तिला ‘देशल’ म्हणतात. तिथे ‘द्यास’ म्हणजे उजवी बाजू आणि दक्षिण दिशाही, अगदी संस्कृत ‘दक्षिण’सारखं, दोन्ही शब्दांचं मूळ एकच. आपल्या प्रदक्षिणेची ही सख्खी बहीण आहे, हे मुलांना जरूर सांगा.

झाडाला नायलॉनच्या फिती बांधू नका. त्या कुजत नाहीत आणि वाढत्या फांदीत रुततात. त्याऐवजी ३१ जानेवारीच्या रात्री प्रत्येकाने जुन्या सुती साडीची किंवा धोतराची पट्टी घराबाहेर झुडपावर टाकून ठेवावी आणि उजाडायच्या आत घरात घ्यावी. हीच ‘ब्रात ब्रीद’, ब्रिजिडचं वस्त्र. डोकं दुखलं की ती कपाळाला बांधायची रीत आहे.

स्वयंपाक समिती

कोलकॅनन, म्हणजे बटाटा आणि पालेभाजीचं आयरिश भरीत, करतो. ४० जणांना ८ किलो बटाटे (रूस्टर जातीचे चालतील), अडीच किलो केलची पालेभाजी, ७५० ग्रॅम लोणी, दीड लिटर गरम दूध, पातीचा कांदा. बटाटे उकडून पाणी काढलं की दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची आणि हातानेच चेचायचे. मिक्सरमध्ये फिरवले तर स्टार्च सुटून खळ होते.

लोणी मुलांनीच काढावं, ब्रिजिड दूधदुभत्याची संत आहे. अर्ध्या लिटरच्या बरणीत २०० मिली क्रीम, तासभर आधी फ्रिजबाहेर काढलेलं. फार गार असलं तर लोणी येतच नाही. आळीपाळीने हलवायचं. मध्ये एकदा बरणी मुकी होते, आत काही हलेनासं होतं. मुलं तिथेच सोडून देतात. त्यांना सांगा, आणखी थोडं हलवा, आता ताक खळखळेल.