स्वस्त ऑइल फिल्टर: आतला रबर बघा

‘स्विफ्टला कंपनीचाच ऑइल फिल्टर हवा, की बाहेरचा स्वस्त चालेल?’ बॉश किंवा प्युरोलेटरचा बिनधास्त टाका, फक्त पार्ट नंबर गाडीशी जुळवून घ्या. खरी मेख आतल्या रबरी पडद्यात आहे. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून तो असतो. मी एकदा बिननावाचा फिल्टर बसवला होता. रोज सकाळी स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद खडखड, ऑइलचा दिवाही उशिरा विझायचा. काढून पाहिला तर पडदा लाकडासारखा कडक, म्हणजे ऑइल रात्रभर खाली उतरत होतं!

बसवताना फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या रबरी रिंगेला नवं ऑइल चोळा, रिंग इंजिनला टेकली की फिल्टर हातानेच पाऊण फेरा फिरवा. आणि जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, तेवढं बोट फिरवून पाहाच.