गोपनीय कागदाच्या प्रत्येक प्रतीवर अदृश्य खूण सक्तीची करावी का?

लेखनिक (धागाकर्ता)

५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’चा पेपर फुटला, तेव्हा पाटण्यात सापडलेल्या अर्धवट जळक्या कागदांवरचा छापील पुस्तिका क्रमांक वाचता आला आणि त्यावरून तपास हजारीबागच्या एका परीक्षा केंद्रापर्यंत पोहोचला. क्रमांकाचा तेवढा कोपरा आधी जळाला असता, किंवा फोटो काढणाऱ्याने तो अंगठ्याखाली झाकला असता, तर हा दुवा मिळाला नसता. म्हणून प्रश्नपत्रिका, निविदा उघडण्यापूर्वीची अंदाजपत्रके, मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या टिपण्या अशा मोजक्या कागदांच्या प्रत्येक प्रतीत वेगळा अदृश्य वॉटरमार्क घालणे सक्तीचे करावे, असे माझे मत आहे.

तंत्र नवे नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी दूरसंचार प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९९०च्या दशकातच छापील ओळ इंचाच्या तीनशेव्या भागाइतकी वर किंवा खाली सरकवून त्यात खूण लपवून दाखवली होती. वाचणाऱ्याला पान नेहमीसारखेच दिसते, यंत्राला मात्र कोणती ओळ वर गेली आणि कोणती खाली हे मोजता येते. अशा वीस ओळी वापरल्या तर दहा लाखांहून अधिक प्रती वेगवेगळ्या ओळखता येतात, आणि तोच संकेत पानापानावर पुन्हा घातला तर एखादा कोपरा फाडून तो नष्ट होत नाही.

आवकजावक

हजारीबागचे उदाहरण तुमच्या विरोधात जाते. तो क्रमांक उघड छापलेला होता आणि त्याने सांगितले ते फक्त केंद्र. पेट्या ठेवलेल्या खोलीत कोण शिरले, पेटी कोणी उघडली, फोटो कोणी काढले हे सीबीआयला नेहमीच्या तपासानेच शोधावे लागले. अदृश्य खूण तरी याहून जास्त काय सांगणार? ती प्रत कोणाच्या नावे निघाली होती, एवढेच.

ज्यांनी सरकारी कार्यालयात काम केले आहे त्यांना कागदाचा प्रवास ठाऊक आहे. ‘गोपनीय’ असा शिक्का मारलेले पाकीट साहेबांच्या नावाने येते, नोंदवहीत सही करून ते शिपाई घेतो, स्वीय सहायक ते फोडून फायलीत लावतो, आणि साहेब दौऱ्यावर असले तर ती फाईल दोन-दोन दिवस टेबलावर पडून राहते. तेवढ्यात कोणी त्यावर मोबाइल धरला, तर खूण साहेबांकडे बोट दाखवील आणि साहेब शिपायाकडे. शेवटी निलंबित कोण होईल, हे वेगळे सांगायला नको.

ऑस्करच्या मतदारांना पाठवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या प्रतींबाबत २००४ मध्ये हेच घडले. कारमाइन कॅरिडी या अभिनेत्याला त्याच्या नावाच्या खुणेवरून पकडून ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीतून काढण्यात आले, पण बेकायदा नकला करणारा वेगळाच होता: कॅरिडी ज्याला प्रती पाठवत असे तो परिचित.

लेखनिक

कॅरिडीचे उदाहरण मी माझ्या बाजूने वापरीन. प्रत दुसऱ्याला देऊ नये हीच त्याच्यावर अट होती, ती त्याने मोडली, आणि त्या नकला करणाऱ्यापर्यंत तपास पोहोचला तो त्याच खुणेमुळे. साहेबांच्या टेबलावर दोन दिवस गोपनीय फाईल उघडी राहते, ही तक्रार साहेबांविरुद्ध आहे, खुणेविरुद्ध नव्हे.

पिवळाठिपका

येथे कोणीच विचारलेले नाही की हे हत्यार प्रत्यक्षात कोणावर चालेल. पेपर फोडणाऱ्या टोळीकडे पैसा असतो. मजकूर पुन्हा टाइप करून घेतला की सरकवलेल्या ओळींची खूण तत्क्षणी संपते. पुन्हा टाइप करण्याला वेळ आणि धीर नसतो तो एकट्या कर्मचाऱ्याला, जो गैरव्यवहाराची टिपणी घाईघाईने वार्ताहराला पाठवतो. आपल्याकडे अशा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो अमलात आलेला नाही. ढाल गोदामात ठेवून तलवार तेवढी वाटायची, असा हा प्रकार आहे.

रंगीत लेसर प्रिंटर पानभर फिकट पिवळे ठिपके उमटवतात आणि त्यांत यंत्राचा क्रमांक, तारीख व वेळ दडलेली असते, हे बहुसंख्य वापरणाऱ्यांना माहीत नव्हते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या अमेरिकी संस्थेने २००५ मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेचा हा संकेत उलगडला. निळ्या प्रकाशात भिंग धरले की पंधरा स्तंभ आणि आठ ओळींच्या चौकटीतले ते ठिपके दिसतात. २०१७ मध्ये अमेरिकेत रिॲलिटी विनर या सरकारी गुप्तचर कामावरच्या कंत्राटी कर्मचारी महिलेने फोडलेला गोपनीय अहवाल ‘द इंटरसेप्ट’ या वृत्त-संकेतस्थळाने प्रसिद्ध केला, तेव्हा त्या पानांवरच्या ठिपक्यांतून ९ मे २०१७, सकाळचे ६ वाजून २० मिनिटे ही छपाईची वेळ बाहेरच्या लोकांनीही वाचून दाखवली. तिला पाच वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली.

लेखनिक

विनरच्या अटकेचा आधार मात्र ठिपके नव्हते. तपास यंत्रणेच्या प्रतिज्ञापत्रानुसार कागदावरच्या घडीच्या खुणांवरून तो छापून बाहेर नेल्याचे कळले, छपाईच्या नोंदींत सहा जणांची नावे निघाली, आणि त्या सहांपैकी एकीच्याच संगणकावर त्या वृत्तसंस्थेशी ईमेलव्यवहार आढळला. ज्या कार्यालयात अशा नोंदी ठेवल्या जातात, तेथे खुणेविनाही माणूस सापडतो.

पिवळाठिपका

मग खूण हवी कशाला?

अक्षरजुळणी

वाद नीतीचा चालला आहे, तरी मराठीपुरती एक तांत्रिक अडचण नोंदवतो. छापील प्रतीऐवजी फाईल पाठवायची असेल, तर अनेक विक्रेते शून्य रुंदीची अदृश्य चिन्हे शब्दांमध्ये पेरण्याचा सोपा मार्ग सुचवतात. रोमन लिपीत ती निरुपद्रवी असतात. देवनागरीत हीच चिन्हे जोडाक्षराचे रूप ठरवण्यासाठी खरोखर वापरली जातात. ‘दऱ्या’मधला अर्धा र काही जुन्या टंकलेखन पद्धतींत अशाच चिन्हाच्या आधाराने लिहिला जातो. म्हणजे खूण पुसण्यासाठी कोणी ती सगळी चिन्हे सरसकट काढून टाकली, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल, आणि उलट बाजूने, मूळ मजकुरातली चिन्हे वाचणाऱ्या प्रणालीला खुणेचा भाग वाटली तर भलत्याच व्यक्तीचा क्रमांक निघेल.

दुसरी गोष्ट म्हणजे संगनमत. दोघांनी आपापल्या प्रती शेजारी ठेवल्या की जेथे फरक तेथे खूण, हे उघड होते. यावर गणिती उपाय आहेत, पण संगनमत करणाऱ्यांची संख्या दुप्पट धरली तर संकेताची लांबी साधारण चौपट करावी लागते. दोन पानांच्या टिपणीत तेवढ्या ओळी आणायच्या कोठून?

आवकजावक

न्यायालयाचाही विचार करावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाईलचे हॅश मूल्य (तिच्या मजकुरावरून गणिताने निघणारा ओळख-आकडा) लिहून तज्ज्ञाचीही सही घ्यावी लागते. हॅश कोणालाही पुन्हा काढून पडताळता येतो. अदृश्य वॉटरमार्क मात्र ज्याच्याकडे गुप्त किल्ली आहे त्याच्याच यंत्रावर ‘दिसतो’, आणि ते यंत्र असते तक्रारदार खात्याकडे. म्हणून माझ्या दोन अटी आहेत. प्रत घेणाऱ्याला ती खुणेची आहे हे लेखी कळवावे, आणि आरोप झाल्यास वाचनयंत्र त्याच्या तज्ज्ञाच्या हाती द्यावे.

लेखनिक

पहिली अट मान्य आहे. खूण आहे हे माहीत असल्याने साहेब फाईल कुलपात ठेवणार असतील, तर माझा निम्मा हेतू तेथेच साधला. सहा जणांची यादी देणारी नोंद आपल्याकडे बहुतेक कार्यालयांत नसते, हे पिवळाठिपका यांना माझे उत्तर.

दुसरी अट तशीच्या तशी मान्य करता येणार नाही. वाचनयंत्र ज्याच्या हाती पडेल, तो पानात थोडाथोडा बदल करून ‘आता दिसते का’ असे यंत्राला विचारत खूण पुसायला शिकतो. म्हणून ते आरोपीच्या तज्ज्ञाकडे न जाता न्यायालयाने नेमलेल्या प्रयोगशाळेत राहावे, आणि चाचणी त्या तज्ज्ञासमोर व्हावी.

आवकजावक

तज्ज्ञ समोर बसून पाहणार असेल, पण स्वतःच्या कोऱ्या आणि बनावट प्रती त्या यंत्राला घालून ते खोटी खूण कितीदा ‘वाचते’ हे तपासू शकणार नसेल, तर त्याच्या उपस्थितीचा उपयोग पंचनाम्यावर सही करण्यापुरताच. त्या प्रती घालण्याची मुभा नियमात लिहिणार असाल तरच माझा विरोध प्रश्नपत्रिकांपुरता मागे घेईन. टिपण्यांबाबत तो कायम राहील.