पिकअपचा हीटर ब्लोअर ओरडतोय, मोटर कमी खर्चात बदलायची आहे

फोंडाघाट_पिकअप:

नमस्कार मंडळी. माझी डिझेल पिकअप आहे, 2014 चं मॉडेल. एसी नाही, फक्त हीटर आणि ब्लोअर. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून कांदा-बटाटा, भाजी भरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवलीला टाकतो. निघायचं पहाटेच.

ब्लोअर चालू केला की सुरुवातीला चिरकल्यासारखा आवाज येतोय. जरा तापला की कमी होतो. एक नंबरवर घरघर स्पष्ट ऐकू येते, तीनवर हवेच्या आवाजात दबून जाते. घाटात वळणाला गाडी कलली की आवाज बदलतो, काहीतरी घासल्यासारखं होतं.

"आवाज येतोय तर बंद ठेव की" असं सांगणारे बरेच भेटले. त्यांनी एकदा जुलैत दाजीपूरच्या जंगलातून पहाटे गाडी काढून बघावी. बाहेर पाऊस आणि धुकं, आत काच पांढरीफट्ट. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, आणि वळणावर समोरून एसटी. ब्लोअर माझ्यासाठी चैनीची वस्तू नाही, ब्रेकइतकाच गरजेचा आहे.

एका गॅरेजात दाखवली. म्हणाले, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, अख्खी ब्लोअर असेंब्ली बदलावी लागेल, मजुरी धरून नऊ हजार, आणि नुसती मोटर वेगळी मिळत नाही. गाडीचा हप्ता चालू आहे, दोन दिवस उभी ठेवणं परवडत नाही. मोटर खरंच एकटी मिळत नाही का? डॅशबोर्ड न उतरवता निघते का? कोणी स्वतः केलं असेल तर नीट सांगा.

कागलकर:

डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही. क्लीनर साइडला (ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढं) ग्लोव्ह बॉक्सच्या खाली डोकं घालून वर बघा, गोल झाकणासारखी दिसते ती मोटर. माझ्या गाडीची तीन स्क्रू काढल्यावर पंख्यासकट हातात आली. आत पिंपळाची पानं आणि उंदरानं कुरतडलेला स्पंज होता. यार्डात गाडी मुक्कामाला असली की उंदीर शिरतातच. मोटर चांगली होती, साफ करून परत बसवली. एक रुपया लागला नाही.

उद्यमनगर_वायरिंग:

कागलकरांचं बरोबर आहे, पण भावा तुझं दुखणं वेगळं दिसतंय. पान अडकलं की टरटर वाजतंय, आणि वेग वाढवला की टरटर वाढत जातीय. तुझा ब्लोअर गार असताना चिरकतो आणि तापला की गप्प होतो, म्हणजे बुश, मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतोय ती कडी, कोरडा पडलाय. वळणावर घासतोय म्हणजे शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय आणि पंखा बाजूच्या घराला लागतोय. तरीपण खोलल्याशिवाय खर्च करू नको.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. कनेक्टर सोडवताना वायर धरून ओढायची नाही, लॉक दाबून सॉकेट धरून काढ. काही मोटरींना बाजूला एक छोटी रबरी नळी असतीय. त्यातनं मोटर गार ठेवायला हवा जातीय, म्हणून ती परत बसवायला विसरायचं नाही. स्क्रू सोडताना खालून हात लाव, नाहीतर मोटर वायरवर लोंबकळंल.

बाहेर आली की पंखा बोटानं हळू फिरव. करकर लागली किंवा अडखळला तर बुश किंवा गंज. मग शाफ्टचं टोक धरून आडवं हलव. उभ्या दिशेला केसभर हालचाल चालतीय, आडवी खटखट झाली की बुश संपला. पंख्याच्या पात्यांवर पत्र्याची बारीक क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नको, ते पंख्याचं बॅलन्सिंग आहे. शाफ्टवरनं पंखा काढायच्या आधी दोन्हीवर मार्करनं खूण कर.

आता तेलाचं. आत असतोय तो बुश साधा पितळी नसतोय. पावडर दाबून केलेला, बारीक छिद्रांचा असतोय आणि त्यात तेल मुरवलेलं असतंय. ते तेल वाळलं की शाफ्ट कोरड्यावर फिरायला लागतोय. गंजावर मारायचा स्प्रे मारला तर आवाज लगेच जातोय आणि लोक खूश होतात, पण तो उरलंसुरलं तेलही धुऊन काढतोय, थोड्याच दिवसांत आवाज दुप्पट. ग्रीस छिद्रात मुरत नाही. प्ले नसंल तर शिलाई मशीनचं तेल दोन्ही टोकांच्या बुशला थेंब थेंब दे आणि रात्रभर मुरू दे. मोटरच्या आत करंट पोचवणाऱ्या कार्बन ब्रशवर तेल जाऊ द्यायचं नाही.

प्ले असंल तर तेलावर भागणार नाही, आणि "आवाजच आहे, चालू दे" असंही करू नको. जड झालेली मोटर जास्त करंट ओढती. त्यानं आधी कनेक्टर पिवळा पडतोय, मग वितळतोय, पुढं ब्लोअरचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर जातोय. लोक मग मोठा फ्यूज टाकतात आणि वायरिंगच जाळून घेतात. जागेवर 20 अँपिअरचा असंल तर 20 चाच टाकायचा.

मोटर एकटी मिळतीय. जुनी हातात घेऊन दुकानात जा, नुसतं गाडीचं नाव सांगून आणू नको. शाफ्टची जाडी आणि लांबी, बसायच्या कडेचा व्यास, स्क्रूची भोकं आणि कनेक्टर शेजारी शेजारी धरून बघ. 12 व्होल्टच लिहिलंय का ते वाच. मोठ्या ट्रकची 24 व्होल्टची मोटर दिसायला तशीच असतीय, बसतीय पण, पण तुझ्या गाडीत मरगळल्यासारखी फिरंल.

राधानगरी_दूध:

मोटर होईपर्यंतचं सांगतो, कारण मीही याच रस्त्याला पहाटे असतो. हवेचा खटका बाहेरच्या हवेवर ठेवा, आतल्या हवेवर नको. आपल्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ आतच फिरत राहिली की काच साफ होत नाही. पावसातही हीटरचा खटका थोडा गरमकडे सरकवा, उकडलं तरी चालेल. गरम हवा काचेवरची ओल लवकर उचलते. शेजारची काच बोटभर खाली घ्या.

फोंडाघाट_पिकअप:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी माल उतरवल्यावर खोलली. उद्यमनगरचे मिस्त्री, तुम्ही म्हणालात तेच निघालं. शाफ्ट आडवा खटखट हलतोय आणि पंख्याच्या कडेला घासल्याचा चकचकीत पट्टा पडलाय. मोटरच्या तळाच्या झाकणावर गंज आहे, कनेक्टरची एक पिन काळवंडली आहे. दुकानात नवी मोटर 1,700 सांगितली. भंगारवाल्याकडे अपघाताच्या गाडीची जुनी 500 ला आहे, हुबेहूब तशीच. जुनी घेऊ का? आणि तळाला गंज कशानं आला?

उद्यमनगर_वायरिंग:

गंज म्हणजे वरनं पाणी येतंय. बॉनेट उघड, वायपरखालच्या जाळीत पानांचा लगदा बसला असंल, त्यामुळं पाणी जायची वाट तुंबलीय. तो काढ आणि तांब्याभर पाणी ओतून खाली रस्त्यावर पडतंय का बघ. हे नाही केलंस तर नवी मोटर पण पुढच्या पावसाळ्यात अशीच होईल.

भंगारातली घ्यायला हरकत नाही, पण तिथंच बॅटरीवर लावून दहा मिनिटं चालव. नुसतं फिरवून दाखवली तर घेऊ नको. चालताना जळका वास येतोय का, ठिणग्या फार दिसतात का बघ, आणि बंद केल्यावर हळूहळू थांबती का, झटक्यात अडकून थांबती ते बघ. आडवा प्ले असंल तर 500 पण द्यायचे नाहीत. तुझं रोजचं घाटाचं काम आहे, म्हणून मला विचारशील तर नवीच घे. नऊ हजारांच्या पुढं 1,700 काहीच नाही.

काळवंडलेली पिन नुसती घासून बसवू नको. सॉकेट नवं घे आणि टर्मिनल नीट प्रेस करून घे, ट्विस्ट करून टेप गुंडाळू नको. बसवल्यावर हवा कमी वाटली तर वायर उलट्या लागल्यात. हा पंखा उलटा फिरला तरी हवा पुढंच फेकतोय, फक्त जोर नसतोय, त्यामुळं पटकन कळत नाही. दोन वायर अदलाबदल कर. आणि एक-दोन नंबर बंद, फक्त शेवटचा चालू, असं झालं तर मोटरला दोष देऊ नको, रेझिस्टर गेलाय. तो वेगळा मिळतोय.

फोंडाघाट_पिकअप:

जाळीत खरंच पानांचा लगदा होता, मूठभर काढला. आता पाणी खाली पडतंय. नवी मोटर आणि सॉकेट दोन्ही घेतो. सॉकेटचं काम तुमच्याकडंच करायचं आहे, शनिवारी दुपारी दुकान उघडं असतं का?

उद्यमनगर_वायरिंग:

असतंय. चारच्या आत ये, जुनी मोटर पण घेऊन ये. बुश बदलून ती स्टेपनी म्हणून ठेवता येईल.