मदत हवी आहे: फुलदाणीखालचे दोन 'एल' खरे की नकली?

मंडळी, सध्या आम्ही फ्रान्समध्ये लियोंला असतो. इथल्या जुन्या बाजारातून फूटभर उंचीची फुलदाणी आणली. गडद निळी, पुढे सोनेरी चौकटीत गुलाबांचा गुच्छ, कडेला पितळी कान. बुडाखाली एकमेकांत गुंतलेले दोन 'एल' आणि मध्ये 'डी'. विकणारा छातीठोकपणे म्हणाला, सेव्ह्र, १७५६! (सेव्ह्र म्हणजे इथला नामांकित पोर्सेलिनचा कारखाना; गुंतलेले दोन 'एल' ही त्याची खूण, मधलं अक्षर वर्षाचं.)

'डी' म्हणजे १७५६ हे बरोबर. पण पायाशी टवका उडालाय, तिथली माती काचेसारखी गुळगुळीत दिसते. गुलाबही झिलईत मुरलेले नाहीत, बोटाला चक्क उंचवटा लागतो. म्हणजे कडक पोर्सेलिन. त्यासाठी लागणारं केओलिन, म्हणजे पांढरी चिनीमाती, फ्रान्समध्ये लिमोज गावाजवळ सापडलं १७६८ मध्ये! मग १७५६ कसं? एकोणिसाव्या शतकात हे 'एल' सर्रास कुणीही रंगवत असे, हे आता वाचतेय. (घ्यायच्या आधी वाचायला हवं होतं.)

मात्र सोनेरी वेलबुट्टी जाड आहे, त्यावर कोरल्यासारख्या बारीक रेघा आहेत. नकलेतही इतकं काम करत का? आणि धड नि पाया आतल्या सळईने, नटने जोडलेत. तो नट सोडवून आतून पुसलं तर चालेल, की हातच लावू नको? कुणी असं काही हाताळलं असेल तर सांगा.