फॉलोअर वेगळे, गिऱ्हाईक वेगळं

"रोज एक रील टाका, फॉलोअर वाढले की ऑर्डरी आपोआप येतात" असा सल्ला घरगुती धंदा करणाऱ्यांना सर्रास दिला जातो. कपडे-दागिन्यांच्या धंद्यात खरं असेलही, वाळवणाच्या बाबतीत मला नाही पटत. रील बघणार सगळा महाराष्ट्र, पण कुरियरने कुरडया पाठवल्या तर पोचतो तो चुरा. गिऱ्हाईक शेवटी गावातलंच.

आमच्या वहिनी सांगलीत पापड-कुरडया करून विकतात, तो व्याप चालतो व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीवर. त्यातली मेख कुणी सांगत नाही: एका लिस्टमध्ये २५६च माणसं बसतात आणि मेसेज पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांना. तुमच्याकडे त्यांचा नंबर असून उपयोग शून्य. म्हणून वहिनी पुडा हातात देतानाच "फोन काढा बघू, 'कुरडईवाल्या काकू' म्हणून सेव्ह करा" असं म्हणून समोर करून घेतात. फाल्गुनात गच्चीवरच्या पहिल्या घाण्याचा फोटो आणि खाली किलोचा भाव, एवढीच जाहिरात. त्या लिस्टवर सुप्रभात मात्र चुकूनही पाठवू नका, लोक सरळ ब्लॉक करतात.