खेळाडू पोरांनी कॉलेज किती वेळा बदलावं?

अपर्णा_टेक्सास
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा सीझन संपत आला की पोरांची पळापळ सुरू होते. २०१८ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आणलं. दुसऱ्या कॉलेजशी बोलायला जुन्या कॉलेजची परवानगी लागायची, ती कटकट गेली. ते चांगलंच झालं. पण तेव्हा फुटबॉल-बास्केटबॉलवाल्याला नव्या जागी सहसा वर्षभर न खेळता काढावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायची सूट मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला. त्यात जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा. आता दरवर्षी बोली लागते. माझं म्हणणं, एकदा खुशाल बदला. दुसऱ्यांदा बदलायचं असेल तर वर्षभर बसा.

खो_खो
साफ असहमत. कोचला कोण बसवतं? नोव्हेंबर २०२१ मध्ये फुटबॉल कोच लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) गेला, त्याच आठवड्यात कोच ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट). केलीच्या टीमला तर प्लेऑफची, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या सामन्यांची, आशा होती अजून! रायलीमागे गेलेल्या त्याच्या खेळाडूने, केलेब विल्यम्सने, २०२२ ची हाइझमन ट्रॉफी (सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान) मारली. निष्ठा काय ती एकोणीस वर्षांच्या पोराने दाखवायची होय? खेळाडू जो बरो ओहायो स्टेटमध्येच बसून राहिला असता तर २०१९ चा एलएसयूचा विजेतेपदाचा सीझन दिसला असता का?

अपर्णा_टेक्सास
बरो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे हो. तो ओहायो स्टेटची डिग्री हातात घेऊन गेला, आणि डिग्रीवाल्याला तेव्हाही बसावं लागत नसे, म्हणून तर लगेच खेळू शकला.

दुपारचा_चहा
बातम्यांतली पोरं सोडा दोघंही. माझी भाची डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) पोहते, तिच्या वेळी हे जवळून पाहिलं. कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम सांभाळणारं) लेखी कळवलं की कामाच्या दोन दिवसांत नाव पोर्टलवर चढतं. चढलं की सत्र संपल्यावर जुनं कॉलेज स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही तर ना घर का ना घाट का.

आणि क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या विषयांची डिग्रीसाठीची मोजणी! डिव्हिजन वनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचा ४० टक्के भाग झालेला लागतो, चौथ्याच्या ६०, नाहीतर खेळता येत नाही. नव्या कॉलेजने तिची स्टॅटिस्टिक्स घेतली, पण ऐच्छिक म्हणून. मेजरमध्ये (मुख्य विषयात) शून्य. मग उन्हाळाभर वर्ग. जीएओच्या (अमेरिकी संसदेची तपासनीस संस्था) २०१७ च्या अहवालात कॉलेज बदलणाऱ्या सर्वच विद्यार्थ्यांचे अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स बुडतात असं आहे. खेळाडूला तर वरून ही टक्केवारीची अट.

खो_खो
मग क्रेडिट्सचा हिशोब आधी लेखी मागा. त्यासाठी बंदी कशाला?

रॅकेटवाला
भारतातून टेनिस खेळायला आलेल्यांचं कुणी बोलेल का? एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर कॉलेज बदलायचं म्हणजे सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, हलवा, नवं आय-ट्वेंटी (कॉलेजचं प्रवेशपत्र) घ्या. अमेरिकेत राहून जाहिरात केली तर ते विनापरवाना काम धरलं जाऊ शकतं. म्हणजे बोली-बिली यांच्यासाठी नाहीच. कोच बदलला, नव्याने स्वतःची माणसं आणली, आपलं पोरगं सहाव्या, म्हणजे टीमच्या शेवटच्या, क्रमांकाच्या सिंगल्समधूनही बाहेर. ते जाणार नाही तर काय करणार? अपर्णाताई, तुमचा 'वर्षभर बसा' नियम नेमका अशांना लागेल.

अपर्णा_टेक्सास
दुसऱ्यांदा गेलं तरच. टेनिसवाल्यांना २०२१ आधीही जुन्या कॉलेजची हरकत नसेल तर एकदा न बसता बदलता यायचं. आणि खो_खो, कोच फुकट सुटत नाही. त्याच्या करारात बायआउट (मुदतीआधी सोडल्याची भरपाई) असतो, नवं कॉलेज सहसा तो भरतं. एनसीएएविरुद्धच्या खटल्यातल्या २०२५ च्या समझोत्यानंतर कॉलेजंच पोरांना थेट पैसे देऊ लागलीत, त्यांच्याही करारांत आता तसली कलमं येतायत.

खो_खो
पगार आहे, करार आहे, बायआउट आहे. मग सरळ नोकर म्हणा ना त्यांना! एनसीएए नेमकं तेवढंच मान्य करत नाही.